नऊ वर्कर आणि हरवलेला ओटीपी

प्रश्न थोडक्यात असा आहे. एका पतसंस्थेच्या सभासदांसाठी जँगो या पायथनच्या वेब-चौकटीत बनवलेलं ॲप. सर्व्हर ४ कोअरचा, ८ जीबी मेमरीचा. आधी गनिकॉर्न, म्हणजे वेब-रिक्वेस्ट ॲपपर्यंत पोचवणारा प्रोग्रॅम, एकाच वर्करवर, म्हणजे काम करणाऱ्या एकाच प्रोसेसवर, चालायचं आणि महिनाअखेरीला सगळे एकदम हप्ते भरायला आले की साइट रेंगाळायची. म्हणून वर्कर ९ केले आणि प्रत्येकात १६ थ्रेड, म्हणजे एकाच प्रोसेसमधले कामाचे वेगळे धागे, ठेवले. तेव्हापासून तीन नव्या तक्रारी सुरू झाल्या. मोबाइलवर आलेला ओटीपी बरोबर टाकला तरी ‘चुकीचा ओटीपी’ असं उत्तर येतं, आणि तोच ओटीपी तीन-चारदा टाकला की कधीतरी चालतो. सकाळी ७ चा थकबाकीचा मेल प्रत्येकाला नऊ वेळा जातो. गर्दीच्या वेळी पोस्टग्रेस हा डेटाबेस नवं कनेक्शन द्यायला नकार देतो. एवढं करूनही थकबाकीचं पान संथ ते संथच. ‘वर्कर परत एकावर आणू का?’ असं विचारलं आहे.

नका आणू. एकावर आणलंत तर तिन्ही तक्रारी थांबतील हे खरं, पण त्या फक्त झाकल्या जातील. उद्या दुसरा सर्व्हर जोडायची वेळ आली की त्याच पुन्हा वर येतील. माझ्या मते या तीन वेगळ्या तक्रारी नाहीतच, एकाच दुखण्याची तीन लक्षणं आहेत. ॲप लिहिताना कुठेतरी नकळत असं धरलं गेलं आहे की आपली एकच प्रोसेस चालते. ९ वर्कर म्हणजे त्याच ॲपच्या ९ प्रती, आणि त्यातल्या एकीलाही बाकीच्या आठांची खबर नसते.

ही खबर का नसते ते नीट समजून घ्या, कारण पुढचं सगळं त्यावर उभं आहे. गनिकॉर्न सुरू होताना आधी एक मुख्य प्रोसेस उभी राहते. तिला मास्टर म्हणतात. मास्टर पोर्ट उघडतो, रिक्वेस्ट ऐकण्यासाठी सॉकेट, म्हणजे नेटवर्कचं दार, तयार करतो आणि मग फोर्क करून, म्हणजे स्वतःची प्रत काढून, वर्कर जन्माला घालतो. ते सॉकेट सगळ्या वर्करांना वारशाने मिळतं. मास्टर स्वतः एकही रिक्वेस्ट हाताळत नाही. कुठला वर्कर मेला, कुठला गप्प बसला यावर लक्ष ठेवणं आणि गरज पडली की नवा उभा करणं एवढंच त्याचं काम. ही पद्धत अपाचेच्या जुन्या काळापासूनची आहे. रूबीच्या जगातल्या युनिकॉर्नने ती उचलली आणि गनिकॉर्नने युनिकॉर्नकडून.

नवी रिक्वेस्ट आली की ती कुणाकडे जाणार हे मास्टर ठरवत नाही. जो वर्कर मोकळा आहे आणि सॉकेटवर आधी हात घालतो, त्याला ती मिळते. पत्ते वाटल्यासारखं ‘एक तुला, एक मला’ असं वाटप इथे होत नाही. म्हणूनच तुमचा ओटीपी कधी सलग चार वेळा चालतो आणि कधी सलग चार वेळा चुकतो. रहदारी कमी असताना एक-दोन वर्करच बहुतेक कामं उचलतात, त्यामुळे तुम्ही रात्री एकट्याने तपासलंत तर सगळं ठीक वाटेल. सकाळी ११ वाजता मात्र ते मोडेल.

आता ओटीपीचं. तुमच्या वर्णनावरून तो जँगोच्या कॅशेमध्ये, म्हणजे तात्पुरत्या साठ्यात, ठेवलेला दिसतो, आणि सेटिंगमध्ये कॅशे कुठला ते लिहिलेलंच नसावं. काही सांगितलं नाही तर जँगो ‘लोकल मेमरी’ कॅशे वापरतो, म्हणजे त्या एका प्रोसेसच्या पोटातली डिक्शनरी. क्रमांक ३ च्या वर्करने ओटीपी तयार करून स्वतःच्या पोटात ठेवला, आणि तपासणीची रिक्वेस्ट गेली क्रमांक ७ कडे. त्याच्या दृष्टीने असा ओटीपी कधी निघालाच नाही. त्याने ‘चुकीचा’ म्हटलं, आणि त्याच्यापुरतं ते खरं होतं.

मग लॉगिन कसं टिकतं, असा प्रश्न तुम्हाला पडला असेल. कारण जँगोचं सेशन, म्हणजे लॉगिनची नोंद, मुळातच डेटाबेसमध्ये राहतं आणि तो सगळ्या वर्करांना एकच असतो. म्हणजे ॲपचा अर्धा भाग बरोबर जागी राहतो आणि अर्धा चुकीच्या. हा दोष शोधायला इतका अवघड जातो तो यामुळेच. पूर्ण मोडलं असतं तर पहिल्याच दिवशी कळलं असतं.

उपाय सरळ आहे. कॅशे रेडिसमध्ये, म्हणजे सगळ्या वर्करांना सामाईक असलेल्या वेगळ्या मेमरी-साठ्यात, न्या. जँगोमध्ये ४.० पासून रेडिसची सोय अंगचीच आहे, फक्त पायथनची ‘रेडिस-पाय’ लायब्ररी बसवावी लागते. एवढ्यासाठी रेडिस चालवायचा नसेल तर ओटीपीचं छोटं टेबल डेटाबेसमध्ये करा: मोबाइल क्रमांक, ओटीपीचा हॅश (मूळ आकडा न दाखवणारं रूप), मुदत, किती वेळा चुकला. पतसंस्थेच्या ॲपसाठी मला तर टेबलच जास्त आवडेल, कारण मागाहून कुणी तक्रार केली तर नोंद हातात असते.

आणि एक गोष्ट आजच तपासा, उद्यावर ढकलू नका. ‘पाच वेळा चुकला की खातं थोडा वेळ बंद’ ही मर्यादासुद्धा त्याच कॅशेमध्ये मोजली जात असेल. तसं असेल तर प्रत्येक वर्कर स्वतःचे पाच मोजतो आहे, म्हणजे तुमची मर्यादा ५ ची ४५ झाली आहे. ओटीपी चुकला की सभासद चिडून फोन करतो, म्हणून ती तक्रार तुमच्यापर्यंत आली. मर्यादा सैल झाल्याचा फोन कुणीच करणार नाही. लोकांच्या पैशांचं ॲप आहे, म्हणून माझ्या लेखी ही बाब तुमच्या तिन्ही तक्रारींपेक्षा मोठी आहे.

याच जातीच्या बाकीच्या जागाही एकदा शोधून काढा. मॉड्यूलच्या वर ठेवलेली डिक्शनरी किंवा यादी. फंक्शनवर लावलेला एलआरयू कॅशे, म्हणजे आधीची उत्तरं लक्षात ठेवणारी सोय: व्याजदर बदलला की एका वर्करमध्ये नवा दर, बाकी आठांत जुना. अपलोडचे तुकडे गोळा करणारा व्हेरिएबल. सुरू होताना रँडम पद्धतीने बनवलेली गुप्त किल्ली, ज्यामुळे एका वर्करने सही केलेली कुकी दुसरा ओळखत नाही. या सगळ्यांना एकच कसोटी लावा: हा वर्कर आत्ता, या क्षणी मारला तर काही हरवेल का? हरवणार असेल तर ती गोष्ट वर्करच्या पोटात राहायला नको. केवळ वेग वाढवण्यासाठी ठेवलेली आणि सगळीकडे सारखीच असणारी गोष्ट, जसं पिनकोडचं टेबल, ती खुशाल राहू द्या.

पीएचपीकडून पायथनकडे आलेली मंडळी इथे हमखास अडकतात. पीएचपीत प्रत्येक रिक्वेस्ट कोऱ्या पाटीवर सुरू होते, त्यामुळे मेमरीत काही ठेवून पुढच्या रिक्वेस्टला वापरायची सवयच लागत नाही. जावाकडे सहसा एकच मोठी प्रोसेस आणि तिच्यात अनेक थ्रेड, म्हणून मेमरीत ठेवलेलं सगळ्यांना दिसतं. पायथन या दोन्हींच्या मधे लटकतं. मेमरी रिक्वेस्टनंतर टिकते, पण सगळ्यांना दिसत नाही. विकासकाच्या मशीनवर एकच प्रोसेस असते, त्यामुळे तिथे सगळं जावासारखं वागतं आणि खोटा विश्वास बसतो.

‘मग सगळं एकाच प्रोसेसमध्ये थ्रेडवर का चालवू नये?’ नेहमीच्या पायथनमध्ये एका वेळी एकच थ्रेड पायथनचा कोड चालवू शकतो. जीआयएल नावाचं कुलूप आहे ते हेच. डेटाबेसची किंवा नेटवर्कची वाट बघताना हे कुलूप सुटतं, म्हणून वाट बघण्याच्या कामाला थ्रेड उपयोगी पडतात. पण टेम्पलेटमधून पान बनवणं, जेसन बनवणं, व्याजाचा हिशोब करणं हे सगळं एकाच कोअरवर. ४ कोअर वापरायचे तर प्रोसेस अनेकच हव्यात. ऑक्टोबर २०२४ च्या पायथन ३.१३ मध्ये जीआयएल नसलेली आवृत्ती प्रायोगिक म्हणून आली, पण पतसंस्थेचा व्यवहार मी आज तिच्यावर ठेवणार नाही. सर्व्हरवर जावास्क्रिप्ट चालवणाऱ्या नोडचीही गत हीच: कामं हाती घेणारं चक्र, म्हणजे इव्हेंट लूप, एका थ्रेडवर, म्हणून क्लस्टर मॉड्यूल, म्हणून पुन्हा अनेक प्रोसेस आणि हेच सगळे प्रश्न.

नऊ मेलांकडे येतो. तुम्ही एपीशेड्युलर, म्हणजे ठरल्या वेळी कामं चालवणारा भाग, ॲप सुरू होतानाच चालू केला आहे, आणि ॲप नऊदा सुरू होतं. कारण इतकं साधं आहे. यावर जी झटपट उत्तरं सुचवली जातात त्यांपासून मात्र सावध राहा. पहिलं उत्तर म्हणजे गनिकॉर्नचा प्रीलोड पर्याय लावणं. तो लावला की मेल खरोखर एकदाच जातो, आणि लोक खूश होतात. तो एकदाच का जातो ते बघा. प्रीलोडमध्ये ॲप मास्टरमध्ये एकदाच लोड होतं, शेड्युलरचा थ्रेडही मास्टरमध्येच सुरू होतो, आणि फोर्क करताना थ्रेड पोरांकडे जात नाहीत. जो थ्रेड फोर्क म्हणतो तेवढाच पुढच्या प्रोसेसमध्ये जिवंत असतो. म्हणजे आता तुमचे मेल मास्टर पाठवतो आहे. वर्करांवर लक्ष ठेवण्यापलीकडे ज्याने काही करू नये, त्याच्याच गळ्यात तुम्ही मेल पाठवणारं एसएमटीपी आणि डेटाबेस बांधलात. दुसरं उत्तर फाइल-लॉकचं: ज्या वर्करला फाइलचं कुलूप मिळेल त्यानेच मेल पाठवायचा. एका मशीनवर ते चालतं, दुसरी आली की मेल दोनदा.

आणि मेल नऊदा जाणं हा त्यातल्या त्यात बरा प्रकार. वर्करमध्ये शेड्युलर ठेवला की उलटंही होतं: ६ वाजून ५९ मिनिटांनी वर्कर बदलला गेला आणि मेल गेलाच नाही. ते महिनाभर कुणाच्या लक्षात येत नाही.

वेळेवर चालवायची कामं वेब वर्करमधून पूर्णपणे बाहेर काढा. जँगोची मॅनेजमेंट कमांड लिहा आणि ती लिनक्सच्या वेळापत्रकावरून, म्हणजे क्रॉन किंवा सिस्टमडीच्या टायमरवरून, चालवा. सेलरी ही मागच्या रांगेत कामं चालवणारी यंत्रणा आधीच असेल तर तिचं वेळापत्रक सांभाळणारा सेलरी बीट वापरा, मात्र बीट कायम एकच. याच्या जोडीला मी डेटाबेसमध्ये एक नोंद ठेवतोच: सभासद, तारीख, मेलचा प्रकार, आणि या तिन्हींवर मिळून युनिक बंधन, म्हणजे तीच नोंद दुसऱ्यांदा घालता येणार नाही. मेल पाठवण्याआधी नोंद घालायची. नोंद पडली नाही तर तो आधीच कुणीतरी हाती घेतला आहे, आपण थांबायचं. मग कमांड चुकून दोनदा चालली काय किंवा दोन सर्व्हरवर चालली काय, सभासदाला एकच मेल जातो. नोंद पडल्यावर आणि मेल जाण्याआधी मशीन बंद पडलं तर एखादा मेल राहतो, म्हणून ‘पाठवायचा आहे’ आणि ‘पाठवला’ अशा दोन अवस्था ठेवा आणि अडकलेले सकाळी माणसाने बघावेत. थकबाकीच्या मेलपुरतं एवढं पुरे. पैसे वळते करणाऱ्या कामासाठी याहून काटेकोर राहावं लागतं, तो विषय वेगळा.

आता पोस्टग्रेस. हिशोब मांडू या. जँगोमध्ये डेटाबेसचं कनेक्शन प्रत्येक थ्रेडचं स्वतंत्र असतं. ९ वर्कर गुणिले १६ थ्रेड म्हणजे १४४. पोस्टग्रेसची मूळ मर्यादा १०० कनेक्शनची, त्यातली ३ सुपरयूझरसाठी राखीव. तुम्ही कनेक्शन ६०० सेकंद जिवंत ठेवायचं सेटिंगही लावलं आहे. ती ६०० सेकंदं कधी तपासली जातात हे फार थोड्यांना माहीत असतं: त्याच थ्रेडवर पुढची रिक्वेस्ट सुरू होताना किंवा संपताना. गर्दीत जागा झालेला आणि नंतर रिकामा बसलेला थ्रेड आपलं कनेक्शन सोडत नाही, कारण सोडायचं की नाही हे बघायला तिथे कुणी फिरकतच नाही. म्हणून गर्दी ओसरल्यावरही तुम्हाला शंभराच्या आसपास कनेक्शनं ‘आयडल’ दिसतात.

पोस्टग्रेसची मर्यादा वाढवून ५०० करावी हा मोह टाळा. तिथे प्रत्येक कनेक्शन म्हणजे एक पूर्ण प्रोसेस, आणि तुमचा डेटाबेस बहुधा त्याच ८ जीबीच्या मशीनवर आहे. ४ कोअर एका वेळी चारच क्वेरी खऱ्या अर्थाने चालवू शकतात. १४४ जणांना आत घेतलं तर काम वाढत नाही, रेटारेटी वाढते.

आधी थ्रेड कमी करा. १६ हा आकडा कुठून आला ते तुम्ही लिहिलेलं नाही, पण माझ्या अनुभवात तो सहसा कुठूनतरी उचललेला असतो. ५ वर्कर आणि ४ थ्रेड घेतले तर २० कनेक्शनं, आणि तुमच्या कामाला ती भरपूर आहेत. पुढे सर्व्हर वाढले तर मधे पीजीबाउन्सर, म्हणजे थोडी कनेक्शनं अनेकांत वाटणारा मध्यस्थ, बसवा. तो ट्रान्झॅक्शन पद्धतीने (दर व्यवहारापुरतंच कनेक्शन देऊन) चालवायचा असेल तर जँगोमधले सर्व्हर-साइड कर्सर (मोठी यादी तुकड्यातुकड्याने वाचायची सोय) बंद करायला विसरू नका, नाहीतर मोठ्या याद्या वाचताना मधेच कर्सर सापडत नाही असं सांगून काम मोडेल. जँगो ५.१ पासून पोस्टग्रेससाठी अंगचा पूलही, म्हणजे तयार कनेक्शनांचा साठाही, आहे, पण तो पूल प्रोसेसगणिक वेगळा. ‘पूलमध्ये चार’ लिहिलंत तर ९ वर्करांचे ३६ होतात. प्रत्येक आकड्याला वर्करांच्या संख्येने गुणायची सवय लागली की अशी निम्मी कोडी आपोआप सुटतात.

मग वर्कर किती ठेवायचे? गनिकॉर्नची माहितीपत्रकं कोअरच्या दुप्पट अधिक एक सांगतात, तुमचे ९ तिथूनच आले. त्यामागचा विचार असा की एक वर्कर सॉकेटवर लिहीत-वाचत असताना दुसऱ्याने कोअर वापरावा. सुरुवातीचा अंदाज म्हणून तो चांगला आहे, पण अंदाजापेक्षा मोजमाप बरं. मोजायला एक जुना आणि पक्का नियम आहे, जॉन लिटल यांनी १९६१ मध्ये सिद्ध केलेला: एका वेळी आत असलेली कामं म्हणजे दर सेकंदाला येणारी कामं गुणिले प्रत्येकाला लागणारा वेळ. गर्दीत सेकंदाला २० रिक्वेस्ट आणि प्रत्येकी पाव सेकंद, तर सरासरी ५ कामं आत. चढउतारासाठी थोडी मोकळीक ठेवून ८ जागा पुरतात. ५ वर्कर आणि ४ थ्रेड म्हणजे २० जागा. मग अडचण कुठे आहे?

इथेच घोडं पेंड खातं. तुमचं थकबाकीचं पान, तुम्हीच लिहिलंय, १२ सेकंद घेतं. सेकंदाला अशी एकच रिक्वेस्ट आली तरी १२ जागा तिनेच अडवल्या. ओटीपी, शिल्लक, पावती या पाव सेकंदाच्या कामांना रांगेत उभं राहावं लागतं आणि सगळी साइट संथ वाटते. यावर वर्कर वाढवत बसणं म्हणजे आग रामेश्वरी आणि बंब सोमेश्वरी. त्या १२ सेकंदांत पायथन जवळपास काहीच करत नसतो, पोस्टग्रेस राबत असतो. वर्कर वाढवलेत तर तीच जड क्वेरी एका वेळी आणखी जास्त जण चालवतील आणि प्रत्येकीला १२ ऐवजी २० सेकंद लागतील. क्वेरी सुधारता येत असेल तर ती सुधारा, नाहीतर अहवाल मागच्या रांगेत टाकून ‘तयार झाला की कळवतो’ असं सभासदाला सांगा. वेब वर्करने १२ सेकंदांचं काम करूच नये.

गनिकॉर्नची ३० सेकंदांची वेळमर्यादा इथे तुम्हाला वाचवेल असं समजू नका. साध्या, बिनथ्रेडच्या वर्करमध्ये रिक्वेस्ट ३० सेकंदांहून लांबली की मास्टर तो वर्करच मारतो. थ्रेडवाल्या वर्करमध्ये मात्र मास्टरला ‘मी जिवंत आहे’ हे मुख्य थ्रेड कळवत राहतो, आतला एखादा थ्रेड पाच मिनिटं अडकला तरी. म्हणून क्वेरीची कमाल मुदत पोस्टग्रेसमध्येच लावा, ॲप ज्या नावाने डेटाबेसला जोडतं त्या वापरकर्त्यासाठी १० किंवा १५ सेकंद. अडवायचं ते जिथे अडकतं तिथेच अडवलं पाहिजे.

मेमरीचंही मोजा. तुमचा एक वर्कर समजा २०० एमबी दाखवतो, ९ चे १.८ जीबी. पण ‘टॉप’ या कमांडमधला आकडा फसवा असतो, कारण त्यात मेमरीची वाटून घेतलेली पानंही प्रत्येकाच्या नावावर लागतात. वाटा धरून मोजलेला आकडा, पीएसएस, हवा असेल तर एसमेम हे साधन वापरा. प्रीलोड लावला की ॲपचा बराच भाग मास्टरमध्ये एकदाच लोड होतो आणि लिनक्स तो वर्करांना वाटून देतो, कुणी त्यावर लिहीपर्यंत. पायथनमध्ये नुसतं वाचणं हेही लिहिणं ठरतं, कारण प्रत्येक वस्तूच्या अंगावरच तिचे वापर मोजणारा आकडा असतो. त्यामुळे बचत सुरुवातीला भरपूर दिसते आणि हळूहळू विरघळते. पायथन ३.७ मध्ये यासाठी ‘जीसी फ्रीझ’ आलं, इन्स्टाग्रामच्या अभियंत्यांनी दिलेलं. फोर्कच्या आधी ते बोलावलं की कचरा गोळा करणारा भाग तरी जुन्या पानांना हात लावत नाही.

प्रीलोडचा विषय निघालाच आहे तर एक घटना सांगतो. ती मला अजून बोचते. काही वर्षांपूर्वी एका ग्राहकाच्या ॲपमध्ये आम्ही मेमरी वाचवायला प्रीलोड लावला. वर्कर साधे होते, बिनथ्रेडचे. कुणीतरी मॉड्यूल लोड होतानाच सेटिंगचं टेबल वाचणारी क्वेरी लिहून ठेवली होती. झालं असं की डेटाबेसचं कनेक्शन मास्टरमध्येच उघडलं गेलं आणि चारही वर्करांना तेच एक सॉकेट वारशाने मिळालं. दोघांनी एकदम क्वेरी पाठवली की एकाचं उत्तर दुसऱ्याच्या हातात. बहुतेक वेळा नुसत्या चुका उडायच्या, एनक्रिप्शनची तक्रार किंवा ‘कनेक्शन तुटलं’. पण डेटाबेस त्याच मशीनवर असलेल्या चाचणी-सर्व्हरवर एनक्रिप्शन नव्हतं, आणि तिथे एका माणसाला दुसऱ्याचं नाव दिसलं. हे चाचणीतच सापडलं म्हणून वाचलो. त्या दिवसापासून माझा नियम आहे: फोर्कच्या आधी एकही कनेक्शन उघडलेलं नको, ना डेटाबेसचं, ना रेडिसचं, ना कुठल्या बाहेरच्या सेवेचं.

आणि उघडलं गेलंच तर ते वर्करमध्ये जाऊन बंद करू नका, जरी तो उपाय सहज सुचतो. वर्करने बंद केलं की त्याच सॉकेटवरून पोस्टग्रेसला निरोपाचा संदेश जातो आणि बाकी तिघांच्या पायाखालची जमीन सरकते. बंद करायचं ते मास्टरमध्ये, फोर्कच्या आधी. एसक्यूएलअल्केमी ही डेटाबेसची लायब्ररी वापरत असाल तर तिथे वर्करसाठी ‘बंद न करता सोडून द्या’ असा पर्याय आहे, तो याचसाठी. तुम्ही आत्ता प्रीलोड वापरत नाही. ८ जीबीत ५ वर्कर आरामात बसतात, म्हणून लावूही नका. शिवाय प्रीलोड असताना नुसत्या ‘हप’ सिग्नलने, म्हणजे ‘पुन्हा लोड हो’ या इशाऱ्याने, नवा कोड येत नाही. लोक तो देतात, काहीच बदललं नाही म्हणून तासभर डोकं धरून बसतात.

बाकीच्या गोष्टी भराभर. समोर इंजिनएक्स हा वेब-सर्व्हर असू द्या, नाहीतर खेड्यातल्या कमजोर नेटवर्कवरून येणारा फोटो पूर्ण पोचेपर्यंत तुमची एक जागा अडकून पडते. इंजिनएक्स तो आधी स्वतःकडे पूर्ण घेतो आणि मग पुढे देतो. मेमरी गळत असेल तर ठरावीक रिक्वेस्टनंतर वर्कर बदलायचं सेटिंग लावा, पण त्याच्या जोडीचं ‘जिटर’ही (प्रत्येकाच्या आकड्यात थोडा फरक ठेवणारं) लावा, नाहीतर सगळे वर्कर एकदमच निवृत्त होतात. लॉग फाइल फिरवण्याचं काम पायथनकडे देऊ नका. अनेक प्रोसेसनी एकाच फाइलवर लिहिणं पायथनच्या लॉगिंगला मान्य नाही, फाइल फिरताना ओळी हरवतात. थेट स्टँडर्ड आउटपुटवर लिहा आणि सिस्टमडीला सांभाळू द्या. प्रत्येक ओळीत प्रोसेस क्रमांक मात्र छापा. ओटीपीचा दोष तुम्हाला पहिल्या दिवशी दिसला असता, जर तयार करणारा आणि नाकारणारा क्रमांक वेगळा आहे हे लॉगमध्ये दिसलं असतं.

पुढे डॉकरमध्ये, म्हणजे ॲप स्वतंत्र डब्यात (कंटेनरमध्ये) चालवण्याच्या पद्धतीत, गेलात तर वर्करांची संख्या कोअर मोजून आपोआप ठरवणारी ओळ असल्यास ती काढून टाका. कंटेनरला २ कोअरची मर्यादा घातली असली तरी पायथनला मशीनचे सगळे कोअर दिसतात. मशीन ३२ कोअरचं निघालं तर सूत्राप्रमाणे ६५ वर्कर उभे राहतात आणि मेमरी संपून कर्नल एकेकाला मारत सुटतो. आकडा हाताने लिहा. वर्करांची हजेरीची फाइल डिस्कवर न ठेवता मेमरीतल्या ‘डेव्ह एसएचएम’ फोल्डरमध्ये ठेवा, कारण डिस्क अडखळली की मास्टरला वर्कर मेल्यासारखे वाटतात.

तुमच्या जागी मी क्रम असा ठेवला असता. आज संध्याकाळी ओटीपी आणि चुकीच्या प्रयत्नांची मोजणी डेटाबेसच्या टेबलात हलवा. त्याच वेळी एपीशेड्युलर काढून सकाळच्या मेलची कमांड क्रॉनवर टाका. उद्या ५ वर्कर आणि ४ थ्रेड करा, आणि दुपारी गर्दीत पोस्टग्रेसच्या ‘पीजी स्टॅट ॲक्टिव्हिटी’त किती कनेक्शनं दिसतात ते लिहून ठेवा. २० अधिक मागच्या कामांची दोन-तीन, याच्या वर दिसली तर कुठेतरी आणखी एक जण डेटाबेस उघडून बसला आहे. तुमच्या स्वतःच्या मशीनवर आणि चाचणी-सर्व्हरवर यापुढे किमान ३ वर्कर ठेवा, एक कधीच नाही. गर्दी चालू असताना मास्टरला ‘टीटीआयएन’ सिग्नल दिला की एक वर्कर वाढतो, ‘टीटीओयू’ दिला की एक कमी होतो. रीस्टार्ट न करता आकडा बदलून परिणाम बघायची ती चांगली सोय आहे.

मग थकबाकीचं पान. त्या क्वेरीसमोर ‘एक्सप्लेन ॲनलाइझ’ लावून चालवा. हप्त्यांचं अख्खं टेबल वरपासून खालपर्यंत वाचलं जाताना दिसलं तर सभासद क्रमांक आणि देय तारीख या दोन्हींवर मिळून एक इंडेक्स करा. चालू सर्व्हरवर करताना ‘कन्करंटली’ हा शब्द घालून करा, म्हणजे तेवढा वेळ हप्ते भरणं अडणार नाही. तो झाल्यावर १२ सेकंदांचे किती उरले ते कळवा, वर्करांचा आकडा त्यावरून पुन्हा ठरवू.